वंदना मॅडमचं चक्र

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात ग्राइंडर चालू होता. पिरंगुटच्या माझ्या वर्कशॉपात मी आठ फुटी लोखंडी चक्राची कडा घासत होतो, आणि त्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. दमून थांबलो, तेव्हा बाकावरच्या फोनवर तीनदा येऊन गेलेलं एकच नाव दिसलं. कोळवणच्या पलीकडच्या शाळेतले गुरुजी. मी उलट फोन लावला. गुरुजी म्हणाले, “मिस्त्री, वंदना मॅडम गेल्या. आज सकाळी, पौडला, घरीच. झटका आला म्हणतात.” मी “बरं” म्हणालो. गिऱ्हाइकाने खिडकीचं माप सांगितल्यावर म्हणतो तसं, नुसतं “बरं”. फोन ठेवला, चष्मा लावला आणि उरलेली कडा घासायला घेतली. मूल कुठूनही हात फिरवेल, कुठेही बोचता कामा नये, असं मॅडमनी दहा वेळा बजावलं होतं. पाऊण तास मी ती कडा घासली. मग मशीन बंद केलं... आणि सगळं शांत झाल्यावर मला कळलं, काय झालंय ते.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. गुरुजींनीच मला लिहायला बसवलं. म्हणाले, मॅडमवर पेपरच्या पुरवणीत कुणीतरी लिहायला हवं आणि त्यांच्याशी तुमच्याइतकं भांडलेलं दुसरं कुणी नाही. ते खरंच आहे. पण मी लिहिणारा माणूस नव्हे, माझा धंदा गेट-ग्रिलचा. कोळवणच्या खोऱ्यात शहरातल्या लोकांनी जी फार्महाउस घेतलीत, त्यांतली कितीतरी फाटकं माझ्या हातची आहेत. जाड पाइप, मजबूत कडी, आतून अडसर, वर टोकं. लोकांना आत येऊ न देण्याचं काम मी तीस वर्षं इमानाने केलं. वंदना मॅडमचं काम नेमकं उलटं. ज्या मुलांना चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा शिकायला वेळ लागतो, अशा मुलांसाठी नेमलेल्या त्या फिरत्या शिक्षिका. स्कूटरवर, पाठीला पिशवी लावून, आज या शाळेत तर उद्या ताम्हिणीच्या अंगाच्या एखाद्या वाडीत. त्यांचं म्हणणं एवढंच की वर्गात बसवलं म्हणजे झालं नाही, मधल्या सुट्टीत ते मूल कुठे असतं ते बघा. मधल्या सुट्टीत ते मूल व्हरांड्यात बसलेलं असतं आणि बाकीच्यांच्या चपला सांभाळत असतं.

सात वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या, एका घसरगुंडीसाठी. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “पायरीची उंची किती ठेवू?” त्या म्हणाल्या, “खाली बसा, सांगते.” मी बसलो. त्यांनी माझ्याच खांद्यावरचा पंचा ओढला, माझे दोन्ही पाय घोट्याशी आवळून बांधले आणि म्हणाल्या, “आता त्या ओट्यावर चढा. पाय वापरायचे नाहीत.” समोरच्या चहावाल्याकडे बस थांबायची, तिथली माणसं उठून बघायला आली. मी चढलो नाही, पडलो. कोपर सोलवटलं. माझा राग अनावर झाला होता आणि ही बाई शांतपणे वहीत लिहीत होती. “नऊ इंच जास्त होतात,” त्या म्हणाल्या, “सहा करा. आणि धरायला दोन्हीकडे पाइप, तुमच्या नाही, मुलाच्या मुठीत मावेल असा.” त्या दिवसापासून मी केलेली प्रत्येक वस्तू आधी पाय बांधून नाहीतर डोळे बांधून मीच वापरून पाहिली. साठीकडे झुकलेला माणूस घसरगुंडीवर पाय बांधून चढतोय, हे पिरंगुटकरांनी इतक्यांदा पाहिलं की पुढे पुढे कुणी हसेनासं झालं.

आम्ही मग बरंच काही केलं. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे टाकून दिलेले कन्व्हेयर बेल्ट मी मिळवायचो आणि ते मैदानात पायवाटेसारखे अंथरायचो, म्हणजे आमच्याकडच्या चिखलात मुलांची चाकाची खुर्ची रुतत नाही. कमरेइतक्या उंचीवर वाळूचं ताट केलं, बसलेलं आणि उभं मूल समोरासमोर खेळेल असं. एका न दिसणाऱ्या मुलासाठी वर्गाच्या दारापासून झोक्यापर्यंत गाठी मारलेला दोर बांधला, तर आठवड्याभरात सगळी शाळा डोळे मिटून त्या दोराने पळायला लागली. मॅडम खूश. “वेगळं काही करायचं नाही, मिस्त्री,” त्या म्हणायच्या. “जे सगळ्यांचं आहे तेच असं करा की यांनाही येता येईल.” दुपारी त्या फेरीवर असल्या की माझ्या वर्कशॉपात डबा खायच्या. त्या एकट्या राहायच्या, माझी बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा दूर नोकरीला. दोन एकटी माणसं लोखंडाच्या ढिगाऱ्यात बसून एकमेकांच्या भाजीला नावं ठेवायची, एवढंच. मला त्या फार आवडायच्या. असं लिहिलं की लोक भलतंच समजतात. समजू देत.

पण एक गोष्ट आमच्यात राहून गेली. तीच सांगायची आहे, आतापर्यंतचं सगळं तिच्या आधीचं.

कोळवणच्या पलीकडच्या त्या शाळेत जनी नावाची मुलगी आहे. आता नऊ वर्षांची असेल. घरी मेंढरं, आईबाप दिवसभर त्यांच्यामागे. जनीचे पाय चालत नाहीत, मानही नीट ठरत नाही, पण जीभ अशी की गुरुजी दबकून असतात. तिच्यासाठी मॅडमनी एक झोका सांगितला. चाकाच्या खुर्चीसकट वर चढता येईल असा, खाली लोखंडी फळी असलेला, आणि शेजारी दोघा-तिघांना बसायला जागा असलेला. मी तो केला. चांगला केला. पण फळी जड होती आणि माझ्या मनात आलं, एखादं लहान पोर मध्ये आलं तर? मॅडम म्हणाल्या होत्या, कडेला रबर लावा आणि झोक्याची झेप कमी ठेवा, बाकी काही नको. मी मान डोलावली. मग त्या त्यांच्या आईच्या आजारपणासाठी दोन महिने रजेवर गेल्या आणि मी माझ्या मताने झोक्याभोवती चार फुटी कुंपण घातलं. कुंपण आलं म्हणून फाटक आलं. फाटक आलं म्हणून कडी आली. मला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला तीस वर्षांची सवय, हातांनी ते आपसूक केलं. वर मी त्याला निळा रंग दिला आणि मॅडम आल्या की किती खूश होतील, असं मनात म्हणालो.

कडी दिसल्यावर शाळेने कुलूप लावलं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, कुणाचं पोर पडलं असतं तर जबाब त्यांनाच द्यायचा होता. किल्ली कपाटात, कपाट मुख्याध्यापकांच्या ताब्यात, आणि मुख्याध्यापक आज बैठकीला तर उद्या प्रशिक्षणाला. फाटकावर कुणीतरी ‘फक्त दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी’ असं रंगवून टाकलं. मी एकदा गंज बघायला गेलो तेव्हा पाहुणे आले होते म्हणून कुलूप उघडलेलं होतं. जनी आत झोक्यावर होती. एकटी. बाकीची सगळी शाळा बाहेर, गज धरून, तिच्याकडे बघत उभी. प्राणिसंग्रहालयात लोक उभे राहतात तशी... मी जवळ गेलो तर ती म्हणाली, “मामा, मला खाली घ्या.” मी म्हणालो, “का गं? बस की थोडा वेळ, तुझ्यासाठीच केलाय.” तर म्हणते, “एकटीला कशापायी? हितं न्हाई बसायचं मला. तितं व्हरांड्यात तरी समदी जवळ असत्यात.”

मी तिला खाली घेतलं. मला त्या वेळीच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण आपण केलेल्या वस्तूचं वाईट कबूल करायला माणसाला वेळ लागतो. मॅडम रजेवरून आल्या, शाळेत जाऊन आल्या आणि तडक वर्कशॉपात उभ्या राहिल्या. स्कूटरसुद्धा बंद केली नाही. “मिस्त्री, मी तुम्हाला झोका करायला सांगितला होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फाटक केलंत.” मी काहीतरी सुरक्षिततेचं बोललो. आवाजही चढवला. तुम्ही निघून जाता, पोर पडलं तर लोक मला धरणार, असंही म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ती पोर इतकी वर्षं बाहेर होती, मिस्त्री. तुम्ही तिला आत कोंडलंत. फरक काय पडला?” आणि गेल्या. त्यानंतर चार महिने त्या आल्या नाहीत. मीही फोन केला नाही. आमच्या रस्त्यावरून त्यांची स्कूटर जाताना मला ऐकू यायची, तिचा सायलेन्सर मीच वेल्ड केलेला. दुपारी डबा एकट्यानेच उघडायचो. हट्टाने मी तो पूर्ण खायचो.

भाताच्या लोंब्या भरायला लागल्या तेव्हा एका रविवारी मी गॅस कटर टेम्पोत टाकला आणि शाळेत गेलो. कुणाला विचारलं नाही. कुंपण कापलं, फाटक उखडलं, खांबांचे खड्डे बुजवले आणि झोक्याच्या कडांना रबर लावलं, मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तसं. कुलूप तेवढं मुख्याध्यापकांच्या खिडकीत ठेवलं. ते माझ्यावर भडकतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, “पडलं कुणी तर?” मी म्हणालो, “तर मी येईन.” खरं तर मला वाटत होतं की आता मॅडमचा फोन येईल. तो आला नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी त्या आल्या. हातात चाक. जनीच्या खुर्चीचं पुढचं, लहान चाक, मधोमध चिरलेलं. चेहरा असा फुललेला की मला आधी काही उमगेचना. “बघा, मोडलं,” त्या म्हणाल्या, “काय झकास मोडलंय बघा!” कुंपण गेल्यावर पोरं झोक्यावर तिच्याशेजारी बसायला लागली होती, आणि तिथून पुढे तिला मैदानातही न्यायला लागली होती. मग भोवरा खेळताना कुणाच्या तरी डोक्यात आलं की जनीला खुर्चीसकट गरागरा फिरवावं. चौघांनी फिरवलं. जनी ओरडत होती, “आनखी जोरात! लई जोरात!” तिसऱ्या दिवशी चाकाने दम तोडला. सरकारी खुर्ची मोडली म्हणून इतकी आनंदलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. “व्हरांड्यात बसलेल्या मुलाची खुर्ची कधी मोडत नाही, मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “माझ्या आख्ख्या नोकरीत ही पहिली.” मी चाक बदलून दिलं. खाली मान घालून हळूच म्हणालो, “कुंपण काढलं मी.” त्या म्हणाल्या, “पाहिलं.” बस. चांगलं केलंत नाही, माफ केलं नाही, काही नाही. लगेच वही उघडून चित्र काढायला लागल्या.

चित्र चक्राचं होतं. बागेत असतं तसं फिरतं चक्र, पण जमिनीच्या पातळीत. चढण नाही, पायरी नाही, खुर्ची सरळ लोटत आत न्यायची, बाकीच्यांनी भोवती बसायचं आणि सगळ्यांनी एकत्र गरगरायचं. चक्र जमिनीत बसवायचं म्हणजे खाली खड्डा आला, आणि मुळशीत खड्डा म्हणजे जूनपासून विहीर. माझं डोकं लगेच धावलं, झाकण घालू, चारी बाजूंनी सील करू, पाण्याचा थेंब जाणार नाही असं बंद करू. बोलता बोलता मी मॅडमकडे पाहिलं आणि त्या नुसत्या हसल्या. मी ते तिथेच सोडलं. उपाय जनीच्या बापाने सांगितला. आम्ही शाळेत जागा आखत होतो तेव्हा तो काठीवर हनुवटी टेकून बघत उभा होता. म्हणाला, “खाचरातलं पानी काढताव तसं काढा की. खाली उताराला वावर हाय, पाइप टाका न् द्या सोडून. कशाला बुजवत बसताय?” तसंच केलं. तळाला मुरूम, त्यावर उतार आणि सहा इंची पाइप खालच्या भातखाचरात.

तो पाइप चालतो का ते बघायला मॅडमनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी शाळा कामाला लावली. पोरं टाकीवरून बादल्या भरून आणत होती आणि खड्ड्यात ओतत होती. जनीच्या मांडीवर एक बादली, खुर्ची ढकलणारा वेगळा, तिचा अर्धा फ्रॉक भिजलेला. मॅडम खाली वावरात, कापणी झालेल्या भाताच्या धसांत, पाइपच्या तोंडाशी उकिडव्या बसलेल्या. बराच वेळ काही येईना. मी वरून ओरडलो, “तुंबला बहुतेक!” त्यांनी हातानेच गप्प बसायची खूण केली. आणि मग एकदम त्या उठून उभ्या राहिल्या, साडीवर लाल पाणी उडालेलं, आणि ओरडल्या, “आलं! आलं रे, आलं!” पोरं धावत सुटली. ती मी पाहिलेली शेवटची वंदना मॅडम. नंतर मी चक्राच्या कामाला वर्कशॉपात अडकलो, त्या दुसऱ्या शाळांवर. दहा दिवसांनी गुरुजींचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पौडला गेलो. पांढऱ्या कपड्यांतली बरीच माणसं, बुद्धवंदना चाललेली, पुढे त्यांचा फोटो. फोटोत त्या कुणा साहेबासमोर उभ्या असाव्यात तशा गंभीर होत्या. मी पार मागे, चपलांजवळ बसलो. नातेवाईक एकामागून एक उठून बोलत होते. कुणी त्यांच्या शिक्षणाबद्दल सांगितलं, कुणी त्यांनी भाचरांना कसं शिकवलं ते. माझ्या ओळखीच्या मॅडमबद्दल कुणीच बोललं नाही, आणि उठून बोलायचा मला काय हक्क? त्यांच्या धाकट्या बहिणीने पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, “आपण?” सात वर्षांच्या आमच्या ओळखीला काय म्हणतात ते मला सुचेना. “मी पिरंगुटचा,” म्हणालो, “फॅब्रिकेशनवाला.” ती “अच्छा” म्हणून पुढच्या माणसाकडे गेली. तिथून परतताना मी बसमध्ये बसलो आणि इतकं एकटं वाटलं की पिरंगुट आलेलं कळलं नाही, पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आलो. मनात एकच. चार महिने मी फोन का केला नाही? आणि त्या “पाहिलं” म्हणाल्या, त्याचा अर्थ काय होता?

फेब्रुवारीत चक्र बसवलं. दोन अर्ध्या भागांत टेम्पोतून नेलं, जनीचा बाप आणि गावातले दोघं हाताला होते. मुख्याध्यापक म्हणाले, फीत कापू, मॅडमच्या नावाची पाटी लावू. मी पाटीला नको म्हणालो, झोक्याच्या फाटकावर रंगवलेली ती ओळ मी विसरलेलो नव्हतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पोरांना सोडलं. पण एकही पोर चक्रावर उड्या मारत गेलं नाही. आधी जनीची खुर्ची मध्ये गेली, मग एकेक जण जाऊन नेमका आपापल्या जागी बसला, जणू जागा वाटून ठेवल्या होत्या. जनीच्या डाव्या हाताला एक जागा रिकामी. मी एका पोराला तिकडे बस म्हणून खुणावलं, तर जनी तिथूनच ओरडली, “ती न्हाई! ती तुमची हाय, मामा.”

मला वाटलं, माझी गंमत करतेय. तर म्हणाली, खड्डा खणायच्या आधी मॅडमनी हितं फक्कीनं गोल आखला व्हता आन् समद्यांना बसवून बघितलं व्हतं, कोन कुटं मावतंय ते. तेव्हा ही एक जागा त्यांनी मोकळी ठेवली. “मी म्हनलं, मिस्त्री मामाला कशापायी? त्यो तर मोटा हाय. तर म्हनल्या, लई दिवस भायेर उभा ऱ्हायलाय त्यो, त्याला बी आत घ्यायचाय.” बाकीची पोरं मान हलवत होती, सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मला पुढचं नीट दिसेना. त्यांना हे मला सांगता आलं नव्हतं काय? का सांगायचं होतं आणि आधी चक्र होऊ दे म्हणून थांबल्या होत्या? माझं मी सावरून विचारलं, “आणि मॅडमची जागा कुठली?”

“त्या न्हाई बसनार,” जनी म्हणाली. “त्या ढकलनार व्हत्या.”

मी गेलो आणि माझ्या जागेवर बसलो. गुडघे आखडले, पोरं हसली. क्षणभर सगळे तसेच बसून राहिलो... सगळे आत, बाहेर कुणीच नाही. चक्र जड आहे, आणि जनीची मान झटका सोसत नाही. पहिला जोर मोठ्या माणसाने बेताने द्यावा लागतो, हे मॅडमनी मला चित्र काढतानाच सांगितलं होतं. मी उठलो, खाली उतरलो, कडेचा पाइप धरला आणि हळूहळू ढकलायला लागलो.

तेव्हापासून दर शनिवारी मी वर्कशॉप बंद ठेवून जातो. एरवी गुरुजी ढकलतात, शनिवार माझा. माझ्या जागेवर जनी कुणाला बसू देत नाही. चक्र फिरतं, पोरं ओरडत असतात आणि दर फेऱ्याला ती रिकामी जागा माझ्यासमोर येते आणि पुढे जाते. मला तिथे बसायचं आहे, खोटं कशाला बोलू. पण मी बसलो तर मॅडम जिथे उभ्या राहणार होत्या तिथे कुणीच उरत नाही. “मामा, बसा की आता!” जनी ओरडते. मी म्हणतो, पुढच्या फेरीला.